कडूअक्काचं सहा महिन्यांचं घर

कडूअक्काला मी अकरा वर्षं ओळखतो. एवढ्या वर्षांत ती कुठं निवांत बसली आहे असं मी पाहिलेलं नाही. कार्यक्रमाच्या गावी जीप थांबली की आम्ही चहाची टपरी शोधतो, आणि ती गावाला एक चक्कर मारून येते. चहा हातात घेऊनसुद्धा ती उभ्यानंच पिते. कुणी म्हणालं, "अक्का, टेका की जरा," तर म्हणते, "टेकलं की पाय दुखत्यात."

मी अजिनाथ, तेलगावचा. पंडितरावांच्या कलापथकात ढोलकी वाजवतो. पथक चार माणसांचं. पेटीवर पंडितराव, ढोलकीवर मी, टाळ-झांजेला म्हाळू, आणि सगळ्यांच्या पुढं कडूअक्का. बीड जिल्ह्यातल्या गावोगाव आम्ही जनजागृतीचे सरकारी कार्यक्रम करतो. कधी पाणी वाचवा, कधी लसीकरण, कधी बालविवाह. विषय वरून येतो. भारूड अक्का रचते.

तिला लिहिता-वाचता फारसं येत नाही. तिसरीतून शाळा सुटली. तिच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हिला कुणाची नजर लागू नये यासाठी आईबापांनी नाव ठेवलं कडू. ती जगली. तिच्या पाठीवर भागवत झाला, तोही जगला. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि हळद निघायच्या आत ती ऊसतोडीला गेली. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. तर कडूअक्का तेराव्या वर्षी कुणाचा तरी अर्धा कोयता झाली. बारा वर्षं तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला. मूल राहिलं नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि ही माघारी आली. माघारी आली तरी दर साली भावाच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचीच.

तिथंच पंडितरावांना ती सापडली. कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत, पथकाचा कार्यक्रम चालला होता. तेव्हा पथकात बाई नव्हती. पंडितराव स्वतः लुगडं नेसून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन मजूर बाईचं सोंग करत होते. समोर बसलेल्या बायांतून एक उठली आणि म्हणाली, "मोळी डोक्यावर आसल्यावर बाई आशी चालती व्हय? मान मोडंल तुमची." लोक हसले. पंडितराव गडबडले. ती बाई पुढं आली, मोळी स्वतःच्या डोक्यावर घेतली, फळीवरून ट्रकात चढतात तशी चालून दाखवली, आणि चालता चालता सासूची नक्कल केली, मुकादमाची केली, शेवटी लुगड्यातल्या पंडितरावांचीही केली. पुढच्या महिन्यापासून कडूअक्का आमच्यात आली.

बालविवाहाच्या खेळात ती दोन सोंगं करते. आधी सासू, मग सून. सुनेच्या वेळी लुगड्यावरून लहान पोरीचा फ्रॉक चढवते, पांढऱ्या होत आलेल्या केसांना लाल रिबिनी बांधते. शेचाळीस वर्षांची बाई फ्रॉकात पाहून लोक पोट धरून हसतात. मग ती गाते:

हातातली पाटी गं बाई, कुणी काढून नेली
कोयत्याची मूठ माझ्या हाती कशी आली
बाहुलीचं लगीन म्हणून मांडवाशी गेले
अक्षता पडल्यावर कळलं, बाहुली मीच झाले

इथं मी ढोलकी बंद करायची आणि तिनं तशीच, बिनतालाची, लोकांतून चालत जायचं, असं ठरलेलं. तेवढ्या वेळात हसणारे गप्प होतात. मी हे शंभरदा तरी पाहिलं असेल.

मागच्या साली दसऱ्याच्या आधी आम्हाला चाळीस गावं मिळाली होती. टोळ्या कारखान्यावर जायच्या आत बालविवाहाचा खेळ सगळीकडं पोचला पाहिजे, असं सांगणं होतं. कारण लग्नं त्याच दिवसांत उरकतात. आईबाप सहा महिने बाहेर जाणार, वयात आलेली पोर घरी कुणापाशी ठेवायची, हा घोर असतो. नवव्या गावचा खेळ संपवून आम्ही जीपपाशी आलो, तेव्हा अक्काला फोन आला. ती बोलत बोलत बाभळीच्या रांगेपर्यंत गेली आणि परत आली, ती चहा न घेताच जीपमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी माजलगावला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, खेळ होता. आडतीसमोर बरीच गर्दी जमली. अक्कानं फ्रॉक घातला, रिबिनी बांधल्या, "हातातली पाटी" पर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, दम खातेय. मी ठेका धरून ठेवला. पंडितरावांनी पेटीवर सूर दिला, पुन्हा दिला. अक्का लोकांकडं बघत राहिली आणि एकदम पोत्यांच्या थप्प्यांमधून बाहेर निघून गेली. पंडितरावांनी माईकवरून काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मी तिच्या मागं गेलो.

ती मोंढ्याच्या फाटकाशी फ्रॉकातच येरझारा घालत होती. हमाल बघत होते.

"अक्का, काय झालं?"

"वर्षाराणीचं लगीन काढलंय भागवतानं," ती म्हणाली. "रविवारी. गावात बोभाटा नगं म्हणून शेतातल्या आखाड्यावर, खोपटापाशी, उरकायलेत. मला हळदीला बोलावलंय."

वर्षाराणी म्हणजे तिच्या भावाची थोरली मुलगी. सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली.

"नाव मी ठेवलंय तिचं," अक्का म्हणाली. "आत्याच ठेवती ना. मला कडू म्हणले, म्हणून मी तिला राणी म्हणलं. आन आता मी हितं फराक घालून लोकायला शाणपण शिकवायले."

पंडितराव रागावले. एकतीस गावं बाकी होती. अक्कानं फ्रॉक काढून त्यांच्या हातात दिला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. तिला एकटी सोडावं असं मला वाटेना, म्हणून मीही गेलो. माजलगावहून बीड, बीडहून नेकनूर. गाडीत जागा होती, तरी ती दांडा धरून उभीच राहिली. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं.

नेकनूरपासून आत तीन-चार किलोमीटरवर तिच्या भावाचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा भागवत अंगणात ताडपत्रीला ठिगळ लावत होता. दसरा झाला की ही टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार होती. त्याची बायको सुरेखा आतून पाणी घेऊन आली. वर्षाराणी दारात दिसली आणि आत गेली.

"आलीस आक्का, बरं झालं," भागवत म्हणाला. "तुझ्याबिगर हळद लागत न्हाई."

"मी हळद लावायला न्हाई आले. पोरगी सोळाची हाय भागवता."

"मला ठावं न्हाई का?"

"मग कावून करतूस?"

भागवतनं दाभण खाली ठेवला. तो चिडला नव्हता. आधीपासून ठरवून ठेवल्यासारखं तो शांतपणे बोलला. "आमी दोघं सा महिने भाईर. धाकट्याला संगं नेतोत. हिला कुठं ठिवू? कोपीवर नेली तर तिथल्या शंभर गड्यांत ठिवू? गेल्या साली खालच्या आळीतल्या पोरीचं काय झालं, तुला खबर हाय. म्हातारी होती तवर म्हातारीपाशी ठिवली. आता म्हातारी बी न्हाई. सांग, कुणापाशी ठिवू? तुझ्यापाशी? तुपलं घर कुठं हाय आक्का?"

 तेलगावात माझ्या घराशेजारी अक्कानं एक खोली घेतलेली आहे. त्या खोलीत ती महिन्यातून चार-पाच दिवस असते.

"तू गावागावात गातीस, लोक टाळ्या देत्यात," भागवत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तू दुसऱ्या गावाला. पोरी आमच्यापाशीच ऱ्हात्यात."

अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्का दोनदा गेली. मग म्हणाली, "मी ऱ्हाते हितं. सा महिने."

भागवत हसला. "चार दिस तरी ऱ्हायलीस का कुठं? नवऱ्याच्या घरी न्हाई, माझ्या घरी न्हाई. दिवाळीला आलीस तरी भाऊबीजेच्या दुपारी निघतीस. पंधरा दिसांनी तुला पथकाचा फोन आला की तू चालली. मग पोरगी एकटी."

हे खरं होतं. 

आम्ही निघालो. नेकनूरच्या स्टँडवर बीडची गाडी आली. मी चढायला गेलो, ती चढली नाही. पाठोपाठ दुसरी आली, तीही गेली. अक्का रसवंतीपासून पानटपरीपर्यंत आणि पानटपरीपासून रसवंतीपर्यंत फेऱ्या मारत होती. बालविवाहाच्या प्रत्येक खेळाच्या शेवटी आम्ही चौघं मिळून लेकरांच्या मदतीचा सरकारी नंबर ओरडून सांगतो. लोकांच्या ध्यानात राहावा म्हणून मी त्याला ठेकाही दिलाय. दहा, नऊ, आठ. अक्कानं तो नंबर लावला.

पलीकडच्या बाईनं सांगितलं असावं, नाव सांगायचं नसेल तर चालेल. मीही खुणेनं नको म्हणालो.

"कडूबाई," ती फोनवर म्हणाली. "पोरीची आत्या. ल्ह्या नाव."

फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तू जा आता. मी माघारी जाते."

"माघारी कुठं?"

"भागवताकडं. त्याला सांगायला नगं? परक्याच्या तोंडून कळंल का त्याला?"

मी गेलो नाही. तिच्या मागं चालत राहिलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ती अंगणात शिरली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "भागवता, मी फोन केलाय. उद्या लोक येतील. तवर मांडव सोडून टाक."

सुरेखाच्या हातातली परात खाली पडली. भागवत उठला. तो अंगावर धावून येईल असं वाटून मी मधे झालो, पण तो आमच्या बाजूनं घरात गेला आणि त्यानं नवऱ्यामुलाच्या बापाला फोन लावला. लग्न आजच्या आज, दिवस मावळायच्या आत लावू, असं तो सांगत होता. पलीकडच्यानं काय झालं म्हणून विचारलं असणार. भागवतला खोटं बोलता आलं नाही. पोलीस येणार म्हटल्यावर त्या माणसानं फोन ठेवला, आणि मग उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक, एक पोलीस आणि बालसंरक्षणवाल्या एक मॅडम आल्या. मॅडमनी भागवतला नीट समजावलं, अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. भागवतनं सही केली. अर्धं गाव कुंपणापलीकडं उभं होतं. अधिकारी गेल्यावर तो अक्काला म्हणाला, "आजपासून मला भैन न्हाई." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मला वाटलं होतं, निदान पोरगी तरी अक्काच्या गळ्यात पडेल. वर्षाराणी दार लावून बसली होती. संध्याकाळी दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आत्या, बापानं मला इचारलं न्हाई. तूबी न्हाई इचारलंस. आता समदं गाव माझ्या नावानं बोलणार."

अक्का म्हणाली, "चुकलं. आता इचारते. तुला काय पाहिजे?"

"आता काय फायदा," म्हणून पोरीनं तोंड फिरवलं.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला; तोवर अक्का त्या गावातून हलली नव्हती. भागवत आणि सुरेखानं सामान चढवलं. भागवतनं घराची किल्ली बहिणीच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली आणि गेला. पोरगी मागं राहिली, आणि तिच्यासाठी अक्का राहिली.

पंडितरावांनी मिनतवाऱ्या केल्या, मग दमदाटी केली. अक्का म्हणाली, "दुसरी बाई बगा." दुसरी बाई मिळाली नाही. उरलेल्या गावांत म्हाळूनं लुगडं नेसून सून केली. एका गावात लोक निम्म्यातून उठून गेले, एका गावात म्हाळूला शिट्ट्या बसल्या. मी ढोलकी बंद करायचो त्या जागी आता कुणी चालत नव्हतं. पंडितराव तिथंही पेटी वाजवायला लागले.

अक्काचे तिथले पहिले दोन महिने फार वाईट गेले. तिचा रोज फोन यायचा. "आज कुठं हाय खेळ? माणसं किती? सासूचं कोण करायलंय?" घर झाडून, चार शेरडांना पाला टाकून, पोरीला डबा देऊन झाला की तिला दिवस खायला उठायचा. पोरगी नेकनूरला अकरावीला जायची आणि आत्याशी लागेल तेवढंच बोलायची. गावही रिकामं. दसऱ्यानंतर आमच्या गावांतून धडधाकट माणूस दिसत नाही. म्हातारी आणि शाळेची लेकरं, एवढीच उरतात. निम्म्या घरांना कुलपं असतात.

ती मला म्हणाली, "अजिनाथा, कधी कधी वाटतं किल्ली वट्यावर ठिवावी आन नीट स्टँडवर जावं. एकदा तर फाट्यापस्तोर गेलते. गाडी बी आली होती."

"मग?"

"मग काय. माघारी आले."

पहाटे वर्षाराणी पळायला जायची. तिला पोलीस भरतीची तयारी करायची होती. हे ना बापाला ठाऊक होतं, ना आत्याला. अक्काला एकदा दिसलं, तेव्हा तीही काठी घेऊन मागं निघाली. पोरगी पळायची, ही भराभरा चालायची. पहिले काही दिवस पोरगी मुद्दाम लांब निघून जायची. नंतर फाट्याच्या पुलावर थांबायला लागली. तिथून दोघी बरोबर माघारी यायच्या, आणि त्या वाटेवर त्यांचं बोलणं सुरू झालं.

दिवसा करमत नाही म्हणून अक्का घरोघर फिरायची. कोण म्हातारी आजारी, कुणाकडं कोण, सगळं तिला कळायला लागलं. ताराबाई नावाची शेजारची म्हातारी एक दिवस नातीला घेऊन आली. ताराबाईला डोळ्यांनी धड दिसत नाही. म्हणाली, "कडे, ही बी तुझ्यापाशी निजू दे. तिचे मायबाप येईस्तोवर. मला हिची राखण व्हईना." मग दुसरी आली. पौष संपेपर्यंत भागवतच्या दोन खोल्यांत सात मुली झाल्या. आपापल्या घरचं पीठ-मीठ घेऊन यायच्या, इथं स्वयंपाक करायच्या, इथंच अभ्यास.

संक्रांतीला मी गेलो तेव्हा अक्कानं ढोलकी आणायला लावली होती. मारुतीच्या पारावर म्हातारे-म्हाताऱ्या आणि पोरी जमल्या. तिनं नवं भारूड रचलं होतं, कुलूप लागलेल्या घरांचं. मुकादमाची नक्कल वर्षाराणीनं केली. फार काही चांगली केली नाही, मधेच हसायला लागली. म्हातारी माणसं मात्र खूश झाली.

सगळंच नीट झालं असं नाही. वरच्या आळीतली एक नववीतली मुलगी माघात एकाएकी दिसेनाशी झाली. तिच्या आजोबानं परगावी नेऊन तिचं लग्न लावून दिलं होतं. अक्काला कळलं तेव्हा आठ दिवस उलटले होते. ती त्या म्हाताऱ्याच्या दारात गेली, बोल बोल बोलली, तक्रारही दिली. पुढं काय व्हायचं ते अजून चाललंय. तेव्हा दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. तिच्या फोनवरच्या आवाजावरूनच मला ते कळत होतं. "दारावरून रोज जायची मी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

चैत्रात टोळ्या परत आल्या. भागवत ट्रॅक्टरवरून उतरला, अंगणात सात मुलींच्या सात सतरंज्या वाळत होत्या. तो त्यांना वळसा घालून घरात शिरला. सुरेखानं भाकरी केल्या, सगळ्यांना वाढल्या. भागवत भिंतीकडं तोंड करून जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पिशवी घेऊन निघाली. वर्षाराणी तिला फाट्यापर्यंत सोडायला आली. तेलगावला पोचल्यावर अक्का आपल्या खोलीत शिरायच्या आधी माझ्या दारात आली आणि म्हणाली, "पुढचा खेळ कुठं हाय?"

उन्हाळा-पावसाळा आम्ही गावं घेतली. म्हाळूनं लुगडं सुटल्याचा नवस फेडला.

या साली दसऱ्याच्या आधी सुरेखाचा फोन आला. "आक्का, आमी सोमवारी निघतोत. तुमी येतावं ना?" फोन सुरेखाचा, पण भागवत तिथंच बसलेला असणार. अक्कानं पंडितरावांना सांगितलं, "सा महिने मी न्हाई." पंडितरावांनी या वेळी वाद घातला नाही. त्यांनी एक बाई आधीच शिकवून ठेवली आहे, बबिता नावाची. सून ठीक करते, सासू जमत नाही.

मी अक्काला सोडायला गेलो होतो. या साली चौदा मुली आहेत. शेजारच्या गावातलीही दोन माणसं आपल्या पोरींना घेऊन आली होती. निघायच्या आदल्या दिवशी भागवत सकाळपासून घराच्या मागं काहीतरी ठोकत होता. दुपारी जाऊन पाहिलं तर त्यानं चार पत्रे लावून मुलींसाठी दुसरी न्हाणी उभी केली होती, आतून कडी लावता येईल अशी. अक्का तिथं गेली, दार उघडून पाहिलं, कडी लावून पाहिली. तो खिळे गोळा करत राहिला. तो अजून तिच्याशी बोलत नाही.

तिचा फोन मात्र मला रोज येतो. काल म्हणाली, पळायला गेल्यावर वर्षाराणी आता तिला दिसतसुद्धा नाही, इतकी पोरगी पुढं जाते. मग तिनं विचारलं, आज कुठं खेळ झाला, लोक किती होते, बबिता ढोलकी थांबल्यावर लोकांतून चालत गेली का. मी म्हणालो, गेली, पण घाईनं गेली.

"तिला सांग," अक्का म्हणाली, "हळू चालायचं. लोकायला बगू द्यायचं."

बोलता बोलता तिच्या चपलांचा आवाज फोनमधून येत होता. ती अंगणात फिरत होती.